होल्स्टरं आणि अण्णांचा हुद्दा

माझ्याकडे पिस्तूल ठेवायची जुनी चामडी कव्हरं आहेत. बावीस. सगळे होल्स्टर म्हणतात, मीही तेच म्हणते. काही पोलिसांची, काही लष्कराची, आणि दोन कुणाची ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पिस्तूल एकही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण घरी येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. "आणि बंदूक कुठंय?" अहो, बंदूक असती तर मी तुमच्यासाठी चहा टाकत बसले असते का?

कतारला अल रय्यानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमचं एक कपाट या होल्स्टरांनी अडवलंय. नवऱ्याचे शर्ट त्यामुळे लेकीच्या खोलीत गेले, यावरून तो गेली सहा वर्षं कुरकुरतोय. चामड्याचे लाड फार असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात इथली हवा अशी दमट होते की बाहेर पडल्या पडल्या चष्म्यावर वाफ धरते. त्या दिवसांत घरी कुणी नसलं तरी त्या खोलीचा एसी चालू ठेवते, नाहीतर आठवडाभरात हिरवी बुरशी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळायचं. आत कागदाचा बोळा घालायचा, म्हणजे आकार बसत नाही. सुरुवातीला मी हौसेनं एकाला खोबरेल तेल चोळलं होतं. केसांना चालतं ते चामड्याला का नाही चालणार, असा आपला हिशोब! चामडं काळं पडलं, मऊ झालं, आणि झाकणाच्या आतला शिक्का पुसून गेला. तो कुठल्या देशाचा होता हे आता कधीच कळायचं नाही. माझंच कप्पाळ.

लोक शिक्का बघतात, पितळी बटण बघतात. मी आधी उलटं करून टाके बघते. टाके बघायला मला पुस्तकानं शिकवलेलं नाही.

माझे वडील, अण्णा, नाशिककडे पोलीस मुख्यालयात मोची होते. पोलिसांत असं पद असतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. न्हावी असतो, धोबी असतो, तसा मोची. शिपायांचे बूट, कमरेचे पट्टे आणि साहेबलोकांच्या पिस्तुलांची कव्हरं. फाटलं की अण्णांकडे, नवं लागलं की अण्णांकडे. परेडच्या मैदानाच्या कडेला त्यांची खोली होती. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचे आणि दोऱ्याला मेण लावून द्यायचे. पस्तीस वर्षं त्यांनी ते काम केलं. शेकड्यानं कव्हरं शिवली असतील, पण घरात त्यातलं एकही नाही. सगळा सरकारी माल. त्यांच्या हातचं आमच्याकडे काही उरलं नाही, म्हणून मी दुसऱ्यांच्या हातचं गोळा करत सुटले. या छंदाचं खरं कारण एवढंच.

हे खरं कारण मी दोह्यात कुणालाच सांगितलं नव्हतं.

झालं असं की इथं आल्यावर पहिल्याच गणपतीत एका बाईंनी विचारलं, "वडील काय करायचे गं तुझे?" मी म्हणाले, "पोलिसात होते." खोटं नाही. पुढचं मी बोलले नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणालं, "हिचे वडील फौजदार होते ना." त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा इन्स्पेक्टर झाले. ही बढती मी दिली नाही हो, लोकांनी दिली. मी फक्त पेढे खाल्ले. आणि होल्स्टरं जमवायला लागल्यावर तर सगळ्यांना कोडं सुटल्यासारखं वाटलं. इन्स्पेक्टरची मुलगी, तिला हाच छंद असणार!

लाज वाटत होती का? वाटत होती. उगाच शब्द कशाला फिरवू. आमच्या इथल्या ओळखीतले बहुतेक पुण्या-मुंबईकडचे, शिकलेले, गॅस आणि इंजिनिअरिंगमधले लोक. माणसं चांगली आहेत, अडीअडचणीला धावून येतात. पण "माहेरचं आडनाव काय?" असं कुणी गोड आवाजात विचारलं की त्या प्रश्नाच्या पोटात कुठला प्रश्न आहे ते मला लहानपणापासून कळतं. लग्नाच्या वेळी सासरी त्यावरून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि यथावकाश निवळलं होतं. मला ते परदेशात नव्यानं नको होतं. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो म्हणायचा, "तुझं तू बघ." आणि मी बघत नव्हते.

गंमत म्हणजे एका माणसाला मी हे अगदी सहज सांगितलं होतं. उत्तरेला मदिनत अश शमालमध्ये रत्नागिरीकडच्या एका चाचांचं दुकान आहे. मासेमारीची जाळी, दोर, बादल्या, आणि मागच्या खोलीत जुन्या सामानाचा ढीग. आम्ही शनिवारी समुद्रावर गेलो की मी तिथं डोकावतेच. एकदा त्यांनी ढिगातून एक होल्स्टर काढून माझ्या हातात दिलं. मी ते उलटं करून बघायला लागले तर म्हणाले, "ताई, सगळे पुढून बघतात. तुम्ही मागून काय बघता?" मी म्हणाले, "वडील हे शिवायचे. टाके बघते." चाचा म्हणाले, "मग तुम्हाला फसवायची सोय नाही," आणि चहा मागवला. संपलं. त्यांच्यासमोर जीभ अडखळली नाही. दोह्यात मुशैरिबच्या माझ्या ऑफिसात, महाराष्ट्र मंडळात, हळदीकुंकवाला मात्र मी मूग गिळून बसायचे. चाचांना जे सांगता आलं ते आपल्या माणसांत सांगता येऊ नये, याचा मला स्वतःचाच राग यायचा, पण रागानं तोंड उघडत नाही.

गेल्या नवरात्राच्या आधी अण्णा पहिल्यांदा इकडे आले. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. मी सतरा वेळा बजावलं होतं, काही आणू नका, इथं सगळं मिळतं. तरी चेक-इनच्या बॅगेत धोतरात गुंडाळून आरी, रापी आणि मेणाचा गोळा घेऊन आले. आरी म्हणजे चामड्याला भोक पाडायचं टोकदार हत्यार, रापी म्हणजे कातडं कापायचं रुंद पात्याचं. "फोनवर म्हणालीस ना, चारपाच उसवलेत. मग काय नुसत्या हातानं शिवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बावीसच्या बावीस होल्स्टरं हॉलमध्ये चादरीवर मांडली. अण्णा खाली मांडी घालून बसले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि एकेक उचलून नाकाला लावायला लागले. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

"हा मशीनचा. हा हाताचा, पण कारागीर घाईत होता, बघ, टाका तिरका गेलाय. हा चांगला. हा फार चांगला." मग माझं सगळ्यात लाडकं, जुन्या पलटणीतलं म्हणून घेतलेलं, ते उचललं. वास घेतला, नखानं ओरखडलं आणि हसले. "ह्याला चहाच्या पाण्यात बुडवलंय बाई. दोन-तीन वर्षांपूर्वीचा माल आहे. पलटण कसली?"

"अण्णा! नीट बघा."

"नीटच बघतोय. कडा बघ, कडेला हात लागलेलाच नाही. वापरलेल्या मालाची कड गुळगुळीत होते."

मी तणतणत ते होल्स्टर कपाटात मागे टाकलं. पण खरं सांगू? इतका आनंद मला दोह्यात कधी झाला नव्हता. ज्या वस्तूंवर मी एकटीच बोलत होते त्यावर बोलणारं कुणीतरी घरात आलं होतं.

पुढचे दोनेक आठवडे अण्णांनी सात होल्स्टरं दुरुस्त केली. सकाळी आंघोळ, चहा, की खिडकीजवळ चटई टाकून बसायचे. आमची लेक बारा वर्षांची, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. ती शाळेतून आली की त्यांच्याशेजारी. "आजोबा, व्हाय टू नीडल्स?" ते मराठीत सांगायचे, "एक दोरा तुटला तरी दुसरा धरतो." ती "ओके, यल्ला, नेक्स्ट वन" म्हणायची आणि अण्णा खो खो हसायचे. यल्ला म्हणजे इथल्या अरबीत 'चला', आणि ते त्यांनाही आवडायला लागलं होतं. टाका ओढला की स्वतःशीच म्हणायचे, यल्ला. त्यांचे अंगठे आता पूर्ण सरळ होत नाहीत. दोरा ओढून ओढून तर्जनीवर आडवा खड्डा पडलाय, आणि डाव्या तळव्यावर आरी लागल्याच्या बारीक पांढऱ्या खुणा आहेत.

खंडेनवमी शुक्रवारी आली, म्हणजे सुट्टीच्या दिवशी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. ज्याचं पोट ज्यावर चालतं ते हत्यार पाटावर. आमच्या घरी आई रापी-आरी धुऊन पुसून ठेवायची, अण्णा हळदकुंकू लावायचे, आणि त्या दिवशी कामाला हात लावायचे नाहीत. दोह्यात मी पाटावर लॅपटॉप ठेवते, नवऱ्याचा पाना ठेवते, गाडीची किल्ली, सुरी. आणि सहा वर्षांपासून दोन होल्स्टरं. लोकांना ते बघायला आवडतं. त्या दिवशी पुण्याच्या एका जोडप्याला मी मुद्दाम बोलावलं होतं. तो नवऱ्याच्या कंपनीत सीनियर इंजिनिअर, आणि ती मंडळातली माझी मैत्रीण.

चार वाजता मी पाट मांडत होते. अण्णा येऊन उभे राहिले. त्यांनी आरी आणि रापी स्वच्छ पुसून आणली होती.

"हे काय ठेवलंयस?" होल्स्टरकडे बोट.

"पूजेला. दरवर्षी ठेवते."

"अगं, हे कव्हर आहे. हत्यार कुठंय?" आणि हातातली आरी-रापी पुढे केली. "ही ठेव."

माझ्या डोळ्यांपुढे ते जोडपं आलं. तो विचारणार, हे काय आहे? कुणाचं आहे? मी म्हणाले, "ठेवू की नंतर. पाहुणे जाऊ देत."

अण्णांनी पुढे केलेला हात मागे घेतला. माझ्याकडे बघितलं, एकदा पाटाकडे बघितलं, आणि दोन्ही हत्यारं स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हत्यारांना खंडेनवमीला पाट मिळाला नाही, आणि तो मी दिला नाही. हे मला तेव्हा कळत होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही.

पाहुणे आले. आरती झाली. मी शिऱ्याच्या वाट्या दिल्या. तो मनुष्य मुळात गप्पिष्ट, अण्णांच्या शेजारीच सोफ्यावर बसला.

"काका, मंडळात तुमच्याबद्दल ऐकलंय हं. इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालात ना?"

माझा हात वाटीवर तसाच राहिला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. त्यांना सगळं कळलं, हत्यारं ओट्यावर का गेली तेसुद्धा.

"हां... पोलिसात होतो," अण्णा म्हणाले. "झाली आता बरीच वर्षं."

"कुठल्या ठाण्याला?"

"मुख्यालयालाच. सगळी नोकरी मुख्यालयाला."

"मग पिस्तूल चालवलं असेल की कधी! एखादा किस्सा सांगा ना."

एसीचा गारठा लागतो म्हणून अण्णांच्या अंगावर शाल होती. त्यांनी वाटी टीपॉयवर ठेवली आणि दोन्ही हात शालीखाली घेतले. "नोकरीतलं घरात बोलायची सवय नाही साहेब," ते म्हणाले.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "हे खरे पोलीस! एक शब्द बाहेर काढत नाहीत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आधी त्याच्यावर. त्या बिचाऱ्याचा काय दोष! मग माझ्यावर. मी आजवर खोटं बोलले नव्हते, नुसती गप्प बसले होते. आता माझ्यासाठी माझा बाप खोटं बोलत होता, आणि साहेब म्हणत होता, आपल्या मुलाच्या वयाच्या माणसाला. नवरा खाली बघत होता. लेक माझ्याकडे बघत होती. दोन आठवडे ती अण्णांच्या शेजारी बसून दोऱ्याला मेण लावत होती. तिला सगळं ठाऊक होतं, फक्त आई आता काय करते ते तिला ठाऊक नव्हतं.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, आरी आणि रापी उचलली, आणली आणि होल्स्टरं बाजूला सारून पाटावर ठेवली. हळदकुंकू वाहिलं. कुंकू पाटभर सांडलं.

"अण्णा इन्स्पेक्टर नव्हते," मी म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मुख्यालयात मोची होते. ही कव्हरं ते शिवायचे. ही त्यांची हत्यारं."

तो इंजिनिअर पाटाकडे वाकला. मग तो घाईघाईनं म्हणाला, "अरे वा! म्हणजे कारागीर. फारच छान. आजकाल हातानं काम करणारे राहिलेत कुठं!" चांगल्या मनानं म्हणाला, पण एका दमात खूप म्हणाला. त्याच्या बायकोचा चमचा शिऱ्यात थांबला होता. मी त्या चमच्याकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं. तिनं घास घेतला आणि म्हणाली, "शिरा मस्त झालाय." तो घास तिनं मनापासून घेतला की मी बघत होते म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. त्यानंतरही आमचं येणंजाणं आहे. त्याविषयी ती कधी बोलली नाही.

अण्णा मात्र खाकरले. "हेड मोची," ते त्या माणसाला म्हणाले. "शेवटची अकरा वर्षं हेड मोची. हाताखाली दोन माणसं होती."

"हेड मोची," त्यानं मान डोलावली. मग बराच वेळ दुसऱ्याच गोष्टी निघाल्या. शाळांची फी, भारतातला उकाडा, कुणाची कुठं ट्रान्सफर झाली.

सहाच्या सुमारास ते निघाले. नवरा त्यांना खाली गाडीपर्यंत पोचवायला गेला, लेक तिच्या खोलीत गेली. मी वाट्या गोळा करायला लागले. मला वाटत होतं, अण्णा आता शाबासकी देतील. खोटं कशाला सांगू, मी वाटच बघत होते.

"कशाला सांगितलंस?" अण्णा म्हणाले. "मी सांभाळून घेतलं होतं की."

"तुम्ही का सांभाळायचं? चूक माझी होती."

"त्यांना इन्स्पेक्टर कुणी सांगितलं?"

"मी नाही सांगितलं. पण नाही, असंही म्हणाले नाही."

"कधीपासून?"

"इथं आल्यापासून."

अण्णांनी मान हलवली, एखाद्याचा पत्ता ऐकून घ्यावा तशी. मी वाट्या तिथंच ठेवल्या आणि त्यांच्यासमोर खाली बसले. "मला लाज वाटत होती अण्णा," मी म्हणाले. "चुकलं माझं. माफ करा."

त्यांनी शालीचा काठ सारखा केला.

"माफीचं काही नाही गं," ते म्हणाले. "तुमचं जग वेगळं, तुम्हाला चार लोकांत राहायचंय. मला कळतं ते. पण पस्तीस वर्षं मी मोठमोठ्या साहेबांच्या पुढ्यात बसून काम केलं. डीएसपी आले, आयजी आले. कधी हात लपवले नाहीत. आज लपवले. माझ्या पोरीच्या घरात."

ते चिडले नव्हते. नुसतं सांगत होते.